धोंडुबाई आणि तिचा जबाबदार पुरुष

नाथाजी झाडावर असला म्हणजे धोंडुबाई झाडाखाली असायची, आणि धोंडुबाई झाडाखाली असली म्हणजे तिथनं जायची कुणाची टाप नव्हती. सांगलीत तेव्हा वकील होते, हळदीचे व्यापारी होते, संस्थानचे लहानमोठे अंमलदार होते, आणि यांतल्या प्रत्येकाला रस्ता आपल्या वाडवडिलांनी बांधून ठेवलाय असं वाटायचं. वर करवत चाललीय, खाली भुसा पडतोय, तरी ही माणसं छत्री हलवत सरळ त्या भुशातनं निघायची. मग धोंडुबाईचा आवाज यायचा.

"ओ टोपीवालं! टोपीखाली कायतरी आसंल तर बाजूला व्हा. मोकळीच आसंल तर या खुशाल!"

टोपीवाले बाजूला व्हायचे. थांबून भांडायला गेलं तर ती आणखी काय बोलेल याचा नेम नव्हता.

एकदा खणभागात चिंचेची फांदी उतरवताना समोरून प्रेतयात्रा आली. धोंडुबाईनं ती अडवली. खांदेकऱ्यांतला एक म्हातारा तापला.

"अगं बाई, मेलेल्या मानसाला फांदी लागून काय व्हनार हाय?"

"त्येला न्हाई लागायची, तुमाला लागंल. मंग ह्येला कोन न्हेनार आन् तुमाला कोन न्हेनार?"

मयत कडेला टेकवली, फांदी उतरेपर्यंत मंडळींनी तंबाखू मळून घेतली. माझे चुलते त्या खांदेकऱ्यांत होते. इतकी निवांत मयत पुन्हा बघायला मिळाली नाही, असं ते सांगायचे.

नाथाजी तिचा नवरा. मूळचा मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. तिकडं पोरं चालायच्या आधी चढायला शिकतात म्हणे. ते खोटं असेल, पण नाथाजीकडं बघून खरं वाटायचं. लहानपण हिरडा पाडण्यात आणि मोहळं काढण्यात गेलेलं. जमिनीवर तो अगदीच मवाळ, मान खाली घालून चालणारा, कुणी भाव विचारला तर घामाघूम होणारा माणूस. पाय फांदीला लागले की मात्र गडी वेगळाच व्हायचा. वर तो गाणी म्हणायचा. वरून त्याला साऱ्या पेठेची परसं, न्हाणीघरं, कोण कुणाच्या मागच्या दारानं जातो-येतो, सगळं दिसत असणार. पण खाली आल्यावर त्यातला एक शब्द तो कधी बोलला नाही. त्याला काम मिळायचं त्यातलं निम्मं या एका गुणामुळं, असं मला वाटतं.

जर्मनची लढाई सुरू झाली आणि नाथाजीचा धंदा वर आला. रॉकेल मिळेना, कोळसा महागला, आणि ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं की आपल्या दारातल्या झाडाला फांद्या आहेत. त्यात पेठेत विजेच्या तारा फिरलेल्या. वारा सुटला की फांदी तारेला लागायची, ठिणग्या पडायच्या, आणि गुळाच्या अडत्याची झोप उडायची. नाथाजी तारेलगतची फांदी अशी काढायचा की तारेला कळायचंसुद्धा नाही. आधी खालून खाच, मग वरून घाव, म्हणजे साल सोलवटत जात नाही. कापलेल्या जागी डांबर फासायचं, म्हणजे झाड कुजत नाही. एवढं केलं की झाड जगायचं आणि गिऱ्हाईक दोन वर्षांनी पुन्हा बोलवायचं.

खाली दोर धरायला पहिल्यांदा त्याचा चुलतभाऊ अर्जुना होता. अर्जुना स्वभावानं चांगला, पण त्याला बँडाचं फार वेड. एका लग्नाची वरात बँड वाजवत गल्लीतनं निघाली आणि अर्जुना हातातला दोर ठेवून ती बघायला गेला. नेमका तेव्हाच नाथाजीच्या पायाखालची फांदी मोडली. देवाची कृपा म्हणजे खाली उकिरडा होता. तरी गळ्याजवळचं हाड मोडलंच. हाडवैद्यानं हात छातीशी बांधून टाकला.

धोंडुबाईनं आधी अर्जुनाला चुलीतलं लाकूड घेऊन दारापर्यंत पोचवलं. मग नवऱ्याजवळ येऊन बसली.

"आता हितनं फुडं दोर मी धरनार."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"लोक येत्यात का दोर धराय? तुमी वरनं पडून मेलासा तर मला म्हायेरी जावं लागंल. थितं माझी भावजय हाय. त्यापरीस दोर बरा."

तिचं माहेर म्हसवडकडचं. यात नवऱ्याची माया किती आणि भावजयीची धास्ती किती, हे नाथाजीनं कधी विचारलं नाही.

तेव्हापासून ती खाली उभी राहू लागली. लुगड्याचा काचा मारलेला, टाचा मातीत रोवलेल्या, आणि दोराचे दोन वेढे झाडाच्या बुंध्याला. वजन बुंध्यानं घ्यायचं, आपण नुसता दोर सोडायचा नाही, एवढं तिचं तंत्र. मुंग्या चढल्या तरी हात सुटायचा नाही. चांगला वाखाचा दोर लढाईपायी बाजारातनं नाहीसा झाला होता, म्हणून विहिरीच्या मोटेचा जुना नाडा वापरायचे. रोज सकाळी तो नाडा ती दारातल्या लिंबाला टाकायची आणि स्वतः त्याला लोंबकळायची. धोंडुबाई अंगानं भरलेली. नाडा तिला पेलला की नाथाजी म्हणजे त्याला चिमणीच. गल्लीतल्या बायका पाणी भरताना थांबून हा सोहळा बघायच्या, आणि धोंडुबाई लोंबकळत लोंबकळत त्यांना बाजारभाव विचारायची.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मात्र तिनं पाळली. त्यामुळं सगळे हुकूम "आवं" नावाच्या माणसाला सुटायचे. "आवं, डाव्या हाताची! आवं, तिच्यावर पाय देऊ नगा, ती वाळकी हाय!" रस्त्यानं जाणारे चारपाच नवरे दचकून वर बघायचे.

गिऱ्हाइकांचे नमुने एकेक होते. एकाला आंब्याची सावली नको होती, आंबे हवे होते. एकाला पिंपळ छाटायचा होता, पण त्यावर मुंजा राहतो म्हणून तो भीत होता. धोंडुबाई बुंध्याशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "मुंजोबा, दोन दीस शेजाऱ्याच्या वडावर ऱ्हावा, हितं काम हाय." मुंजानं ऐकलं असावं, पण शेजाऱ्यानं नक्कीच ऐकलं, आणि त्या दोन घरांचं पुढं वर्षभर बोलणं बंद होतं. आणि जवळजवळ प्रत्येकाची एकच कुरकुर: दोराचं एवढं लचांड कशाला? दोर बांधण्यात वेळ जातो, वेळ गेला की मजुरी वाढते.

"तो बिराप्पा बघा," लोक म्हणायचे. "नुसत्या लंगोटावर चढतो. दोर न्हाई, काय न्हाई. निम्म्यात काम."

बिराप्पा कर्नाटकाकडचा. ताडी प्याल्याशिवाय चढायचा नाही, कारण तोल जातो म्हणायचा. धोंडुबाई उत्तर द्यायची, "मंग त्येलाच बोलवा. आन् त्येला गोळा कराय मानसं बी बोलवून ठेवा."

गिऱ्हाइकं बिराप्पालाच बोलवायची. कितीक वेळा नाथाजीनं जाऊन झाड बघावं, हिनं भाव सांगावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर बिराप्पा दिसावा. घरात चूल थंड असली की नाथाजी हळूच म्हणायचा, "दोर जरा कमी करू या का?" त्यावर धोंडुबाई नुसती त्याच्या गळ्याच्या हाडाकडं बघायची.

मग एके दिवशी बिराप्पा एका बड्या वकिलाच्या वाड्यातल्या शिरसावरनं फांदीसकट खाली आला. वकिलांची मोटार पेट्रोल मिळत नाही म्हणून कित्येक महिने त्याच झाडाखाली उभी होती. फांदी मोटारीवर पडली आणि बिराप्पा दगडावर. बिराप्पाची मांडी मोडली, मोटारीचं टप बसलं. साऱ्या सांगलीत मोटारीचीच चौकशी चालली होती. लोक लांबनं ती बघायला येत होते. बिराप्पाला बघायला धोंडुबाई गेली, डबाभर आंबील घेऊन. तिथं ती त्याला वाट्टेल तसं बोलली, आंबील पाजली आणि परत आली.

वकिलांनी कागद हलवले आणि कचेरीतनं हुकूम निघाला. त्यात बिराप्पाच्या मांडीचा उल्लेख नव्हता. झाड छाटणाराने लायसन घ्यावे. झाडावरील इसमाचे कमरेस दोर असावा. कामाचे जागी तांबडे निशाण लावावे. आणि दोर धरणेस जमिनीवर एक जबाबदार पुरुष हजर असावा.

हुकूम वाचून घेतल्यावर धोंडुबाईला आनंदच झाला. चला, आता सगळ्यांनाच दोर घ्यावा लागणार, भाव एकसारखे होणार. नवऱ्याला घेऊन ती लायसन काढायला गेली. हे काम लालासाहेब नावाच्या तरुण ओव्हरसियरकडं होतं. नवी नोकरी, नवी सायकल, आणि दोन्ही जपायची धडपड.

"बाई, दोर कोण धरतं?"

"मीच की."

"इथं जबाबदार पुरुष म्हटलंय."

"आमचा पुरुष वर आसतो."

"तो जमिनीवर पाहिजे."

"मंग झाडावर मी चढू?"

लालासाहेबानं हुकूम पुन्हा वाचला. बाईनं चढू नये असं त्यात कुठं नव्हतं, पण तो विषय वाढवण्यात त्याला शहाणपणा दिसेना. "हे बघा, मी काही लिहिलेलं नाही हे. वरून आलंय."

"वर तर आमचं ह्येच आसत्यात," धोंडुबाई म्हणाली. "त्येंनी बी न्हाई लिवलं."

शेवटी ठरलं, पुरुष हवा तर पुरुष. सांगलीत पुरुषांना तोटा नव्हता. आधी जबाबदार शोधायला लागले तेव्हा अडचण कळली, मग दिसायला जबाबदार असला तरी पुरे असं त्यांनी ठरवलं. असा एकच माणूस डोळ्यांपुढं येत होता. हंबीरराव.

हंबीरराव उसाच्या घरचा. तरुणपणी कुठल्याशा जत्रेत त्यानं एक कुस्ती मारली होती आणि तेव्हापासून तो विश्रांती घेत होता. भावांनी त्याला धान्य पोचतं करायच्या बोलीवर गावातनं काढून सांगलीत ठेवलेलं. उंच, रुंद, मिशा अशा की त्यांच्यावर कुणीही विश्वास टाकावा. नाथाजी त्याच्याकडं गेला, तर त्यानं एकच विचारलं, "काय करावं लागंल?"

"हुबं ऱ्हायचं."

"हुबंच?"

"बसलं तरी चालंल. पुरुष म्हनून."

"जमंल," हंबीरराव म्हणाला.

तांबडं निशाण आणायला गेले तर कापडाचं रेशन. तेव्हा धोंडुबाईनं जुन्या लुगड्याचं तांबडं फडकं हंबीररावाच्या डोक्याला बांधलं. निशाण आणि पुरुष, दोन्ही एकातच झालं. आता कामाची रीत अशी: नाथाजी वर, धोंडुबाई खाली वेढ्याला, आणि हंबीरराव शेजारच्या झाडाच्या सावलीत आडवा. त्याच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली. लांबनं सायकलची घंटी आली की धोंडुबाई सुतळी ओढायची, हंबीरराव उठायचा, मिशा सारख्या करायचा आणि दोराचं उरलेलं शेपूट हातात घेऊन वर बघत राहायचा. लालासाहेब सायकलवरनं उतरायचा, निशाण बघायचा, पुरुष बघायचा आणि पुढं जायचा. सुतळीही त्याला दिसली असणार.

हे असंच चाललं असतं तर बरं होतं. पण लोकांना आता भाव ठरवायला मिशीवाला मिळाला होता. आजवर बाईशी बोलायला ज्यांना कमीपणा वाटायचा, ते थेट त्याच्याकडं जायचे. "हंबीरराव, आमचं झाड कवा घेताय?" आणि हंबीरराव म्हणायचा, "घेऊ की, बघतो." हळूहळू त्याला खरंच वाटायला लागलं की झाडं तोच घेतो. तो निजायचा बंद झाला. कमरेवर हात ठेवून ओरडायला लागला, "नाथा, डावीकडं सरक!" नाथाजीच्या अंगात इतकी वर्षं एकच आवाज मुरलेला. तो हलायचा नाही. मग धोंडुबाई ओरडायची, "आवं, उजवीकडं!" आणि तो उजवीकडं सरकायचा. लोक हसायचे. हंबीररावाचे कान तांबडे व्हायचे. घरी आल्यावर धोंडुबाई भाकरी जरा जोरातच थापायची. अपमान तिचाही होत होता. पाहुण्यारावळ्यांत नाथाजी "हंबीररावाचा गडी" झाला होता, आणि ती कोण झाली होती ते कुणी सांगतही नव्हतं.

हरिपूरला भाऊसो म्हणून हळदीचे मोठे व्यापारी होते. जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची ही तिकडची रीत. भाऊसोंच्या पेवांच्या डोक्यावर एका जुन्या चिंचेची फांदी आलेली, मांडीपेक्षा जाड. ती पडली असती तर पेवाचं तोंड फुटून आत पाणी जायचं. धोंडुबाईनं झाड बघितलं आणि सांगितलं, "तुकडं तुकडं करून उतरवावी लागंल."

भाऊसोंना ती अख्खी हवी होती. नव्या सोप्याला तुळई म्हणून. त्यांनी हंबीररावाला बाजूला घेऊन चहा पाजला, आणि हंबीरराव येऊन म्हणाला, "मी शबुद दिलाय. अख्खी उतरवायची."

"शबुद तुमी द्याचा आन् वजन कुनी घ्याचं?"

"मी पैलवान हाय, वैनी."

धोंडुबाईनं काम सोडलं असतं. पण त्याच आठवड्यात लालासाहेब घरी आला, तोही पडलेल्या चेहऱ्यानं. कुणीतरी अर्ज केला होता की पुरुष नुसता दाखवायला आहे, दोर बाईच धरते. "हरिपूरच्या कामावर मी स्वतः येणार आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी दोर हंबीररावांनीच धरायचा. तुम्ही झाडाजवळ दिसायचं नाही. नाहीतर तुमचं लायसन जाईल आणि माझी नोकरी."

काम सोडलं तर अर्ज खरा ठरत होता. धोंडुबाईनं काम घेतलं. आदल्या दिवशी तिनं हंबीररावाला बुंध्याशी उभं करून वेढे कसे द्यायचे ते दाखवलं. फांदी मोठ्या दोरानं बांधायची, तो दोर वरच्या बेचक्यातनं खाली घ्यायचा, बुंध्याला वेढे मारायचे, आणि फांदी सुटली की इंच इंच सोडत उतरवायची. हंबीररावानं मान डोलावली. ज्याला ऐकायचं नसतं त्याची मान जरा जास्तच डोलते.

कामाच्या दिवशी हरिपूर लोटलं. भाऊसो खुर्ची टाकून बसले. लालासाहेब हुकमाचा कागद घेऊन उभा. धोंडुबाई लांब, गाड्यांच्या रांगेमागं. नाथाजीनं फांदीला दोर बांधला, बेचक्यातनं टोक खाली टाकलं, आपल्या कमरेचा दोर खोडाला गुंडाळला आणि करवत घेतली.

हंबीररावानं दोर उचलला. समोर एवढी माणसं. बुंध्याला वेढे मारून मागं उभं राहायचं म्हणजे शेळी बांधल्यासारखंच दिसणार. त्यानं दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळला, गाठ मारली, मांड्या रोवल्या आणि दंड थोपटला. लोकांतून "भले!" असा आवाज आला.

धोंडुबाईनं हे बघितलं. ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. टोपीवाला, छत्रीवाला, मयतवाला, कुणालाही न सोडणारी ती बाई त्या घटकेला गप्प राहिली.

फांदी कडाडली. ती खाली आली आणि हंबीरराव वर गेला. दंड थोपटलेला हात तसाच, तोंड उघडं, धोतराचा सोगा मागं उडतोय, असा तो चिंचेच्या पाल्यातनं सरळ बेचक्यापर्यंत पोचला आणि तिथं दाणकन अडकला. तांबडं निशाण तेवढं सावकाश खाली आलं. फांदी पेवांच्या वर हातभर अंतरावर लोंबकळत राहिली, गरगर फिरत.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग भाऊसो म्हणाले, "फांदीला चीर गेली का हो?"

वर नाथाजीनं हंबीररावाला लंगोटाला धरला. आपल्या कमरेचा दोर सोडला आणि त्यानं त्याला खोडाशी जखडला. खालून लालासाहेब ओरडला, "नाथाजी, तुमचा दोर! हुकमात..." आणि मग त्यानं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

धोंडुबाई तोवर गाड्या ओलांडून बुंध्याशी आली होती. गाडीवरचा दुसरा दोर तिनं वर फेकला.

"आवं, फांदीच्या दोराला ह्यो जोडा! बेचक्यातनं खाली द्या!"

दोर खाली आला. तिनं बुंध्याला तीन वेढे मारले, टाचा रोवल्या. फांदीचं वजन आता तिच्याकडं येणार होतं, आणि ते एकटीचं काम नव्हतं.

"सायेब, काय बघताय? धरा!"

"मी?"

"पुरुष हायसा न्हवं?"

लालासाहेबानं कागद दातांत धरला आणि दोर हातात. दोन गाडीवान मागं लागले. वर नाथाजीनं हंबीररावाच्या कमरेची गाठ सोडली, वेढे करकरले, आणि फांदी उतरत उतरत पेवं चुकवून मातीत टेकली. तिला चीर गेली होती. भाऊसोंनी कपाळावर हात मारला.

हंबीरराव मात्र उतरेना. खांदा निखळलेला, बरगड्यांत कळ, आणि धोतर कुठल्याशा डहाळीला लागून गेलेलं. खाली सारं हरिपूर.

"वैनी," तो वरून म्हणाला, आणि आवाज कुस्तीगिराचा नव्हता. "मला हितंच ऱ्हाऊ द्या."

धोंडुबाई गर्दीकडं वळली. ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण जागा मोकळी झाली. भाऊसो खुर्ची घेऊन गेले. मग तिनं लालासाहेबाचा कोट मागितला, दोरानं वर धाडला, नाथाजीनं तो हंबीररावाच्या कमरेला बांधला. आणि त्याच वेढ्यांवरनं धोंडुबाईनं त्याला सावकाश खाली घेतला. तो डोळे मिटून होता. ती सारखी बोलत होती, "आलाच, आलासा, ही बघा जमीन, पाय सोडा."

संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं परतताना हंबीरराव गाडीत पडलेला, नवराबायको मागनं चालत होते.

"मी बघितलं हुतं," धोंडुबाई म्हणाली.

"काय?"

"त्येनं कमरंला दोर बांधल्याला. वराडाय पायजे हुतं."

"मंग?"

"म्हनलं, एकदा तोंडावर पडू दे."

नाथाजी चालत राहिला. पुढं गेल्यावर म्हणाला, "फांदी माझ्या अंगानं आली आसती तर?" त्या रात्री ती जेवली नाही, एवढं नाथाजीनं नंतर कुणाकुणाला सांगितलं.

हंबीररावाला तिनं आपल्याच घरी ठेवून घेतलं. भाऊसोंनी भरपाई म्हणून हळकुंडं पाठवली, ती उगाळून रोज खांद्याला लेप. लेप लावता लावता तिनं त्यालाही सांगून टाकलं. तो छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी बी तुमाला बाजूला साराय बघत हुतो, वैनी. फिटलं." आणि त्यानं आणखी एक भाकरी मागितली. खांदा बरा झाला तरी तो महिनाभर हललाच नाही. शेवटी भावांनी येऊन त्याला गावी नेला. तिथं त्यानं काय गोष्ट सांगितली देव जाणे, पण पुढं बरीच वर्षं त्याला गावात कुणी कामाला लावलं नाही.

राहिला लालासाहेबाचा अहवाल. दोर बाईनं धरला असं लिहावं तर लायसन जातं. ओव्हरसियरनं धरला असं लिहावं तर तो जातो. हंबीररावानं धरला असं लिहावं, तर सारं हरिपूर साक्षीला. तो धोंडुबाईच्या ओट्यावर बसून राहिला. मग त्यानं लायसनावर जबाबदार पुरुषाचं नाव घातलं: धोंडीबा.

"कुनी विचारलं तर?"

"लिहिताना चुकलं म्हणेन. एवढं चुकतंच."

"आन् मिशा?"

"हुकमात मिशांचा उल्लेख नाही," लालासाहेब म्हणाला, आणि सायकलवर बसला.

धोंडीबाच्या नावावर त्यांनी पुढं पुष्कळ झाडं छाटली. लढाई संपली. इंग्रज गेला. मग संस्थानही विलीन झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, नवे साहेब आले, आणि त्यांना करण्यासारखी इतकी कामं होती की झाडाखाली कोण उभं असतं ते बघायला कुणाला सवड नव्हती. तारा वाढल्या, तसं काम वाढलं. धोंडुबाईनं हाताखाली गल्लीतल्या रंगूबाईला घेतलं, ती तोंडानं कमी पण हातानं पक्की होती.

नाथाजीचे केस पिकले. एके दिवशी एका बंगल्यातल्या लिंबावर तो निम्मा चढला आणि पहिल्याच फांदीवर बसला. गाणं नाही, हालचाल नाही.

"आवं, काय झालं?"

"काय न्हाई. आज फुडं जाऊ वाटंना."

धोंडुबाईनं वर बघितलं. मग बुंध्याचे वेढे तिनं एकेक करून सोडायला घेतले.

"मंग या खाली. भाकरी खाऊ."

बंगल्याचे मालक बाहेर आले. काम अर्धं टाकून चालणार नाही, आम्ही एवढी माणसं बोलावलीत, म्हणाले. धोंडुबाईनं त्यांना काय ते सुनावलं आणि निशाण म्हणून बांधलेलं तांबडं फडकं सोडलं. पुढं त्या दोघांनी जळणाची वखार घातली. नाथाजी तोलायचा, ती बोलायची. लिंबाचं उरलेलं काम मालकांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. धोंडुबाई त्या वाटेनं गेली की मान वर करून बघायची आणि म्हणायची, "लय वंगाळ कापलंय."